वारशाचा हिशेब मांडणारे टॉमस हंट मॉर्गन

झाशीत वाढलेल्या मराठी माणसाला ‘वारस’ हा शब्द केवळ कोशातला वाटत नाही. १८५१ साली जन्मलेले राजपुत्र काही महिन्यांतच निवर्तले. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या गंगाधररावांनी नेवाळकर घराण्यातीलच आनंदराव या बालकास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या सरकारने हे दत्तकविधान खाजगी मालमत्तेपुरते मान्य केले आणि राज्यापुरते अमान्य केले. पुढचा इतिहास आपल्या शहराच्या दगडादगडावर लिहिलेला आहे. वडिलांकडून मुलाकडे नेमके काय जाते, कशाच्या आधारे जाते आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नाची अशी दाहक किंमत फार थोड्या गावांनी मोजली असेल.

हा प्रश्न राज्यकर्त्यांनी कायद्याच्या पोथीत सोडवला. निसर्गाने तो आपल्या पोथीत कसा सोडवला आहे, हे शोधून काढणाऱ्या एका शास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव टॉमस हंट मॉर्गन. ते ना मराठी, ना भारतीय. तरीही मुलखापासून दूर राहून आपला वारसा जपणाऱ्या कुटुंबांना त्यांची कथा परकी वाटू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

मॉर्गन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन या गावी झाला. योगायोग असा, की ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्रून गावच्या मठातील ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्याच्या झाडांवरील प्रसिद्ध निबंध त्याच वर्षी छापून झाला. तो निबंध पुढे चौतीस वर्षे ग्रंथालयांत धूळ खात पडला आणि त्याचा अर्थ जगाला दाखवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा असणार होता, ते मूल इकडे पाळण्यात होते.

ज्या घरात हे मूल जन्मले ते घर पराभूतांचे होते. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच, १८६५ मध्ये संपले होते. टॉमस यांचे चुलते जॉन हंट मॉर्गन हे दक्षिणेच्या बाजूचे नामांकित घोडदळ सेनापती. शत्रूच्या मुलखात खोलवर धाडी घालण्याबद्दल त्यांची ख्याती होती आणि १८६४ मध्ये ते मारले गेले होते. वडील चार्ल्टन हेही दक्षिणेच्या बाजूने लढलेले. त्याआधी ते सिसिली बेटावर अमेरिकेचे वकील म्हणून राहिले होते. आई एलन की हॉवर्ड यांच्याकडून त्यांचे नाते अमेरिकेचे राष्ट्रगीत रचणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट की यांच्याशी पोहोचत होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी मोठे कूळ, मोठा लौकिक, आणि वर्तमानात मात्र ओसरलेली सुबत्ता. दक्षिणेचा तो पक्ष गुलामगिरीच्या रक्षणासाठी उभा होता, त्यामुळे त्याची आपल्या सत्तावनच्या समराशी तुलना होऊ शकत नाही. पण सेनापतीचा पुतण्या म्हणून ओळखले जाण्याचे ओझे कसे असते, याची कल्पना झाशीकरांना सहज येईल.

या मुलाने ते ओझे खांद्यावर घेतलेच नाही. गावाबाहेरच्या टेकड्यांवर पक्ष्यांची अंडी, फुलपाखरे आणि शंखशिंपले गोळा करीत त्याचे बालपण गेले. केंटकीच्या स्टेट कॉलेजातून १८८६ मध्ये पदवी घेऊन मॉर्गन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले आणि समुद्रातील कोळ्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या गर्भवाढीवर प्रबंध लिहून १८९० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८९१ पासून ते ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात अध्यापक झाले. मधल्या काळात नेपल्सच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत त्यांना युरोपातील जीवशास्त्रज्ञांचा सहवास लाभला आणि तेथे एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली : प्राण्यांचे नुसते वर्णन करून भागत नाही, प्रयोग करून निसर्गाला प्रश्न विचारावे लागतात.

१९०४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांचा ब्रिन मॉरमधील विदुषी लिलियन सॅम्पसन यांच्याशी विवाह झाला, आणि त्याच वर्षी मित्र एडमंड विल्सन यांच्या आग्रहावरून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. लिलियनबाई स्वतः गर्भशास्त्राच्या अभ्यासक होत्या. चार मुलांच्या संगोपनात काही वर्षे घालवल्यावर त्या प्रयोगशाळेत परतल्या आणि १९२० च्या दशकात त्यांनी गुणसूत्रांसंबंधी स्वतंत्र मोलाचे शोध लावले. मात्र पतीच्या हयातीत त्यांना अधिकृत पद मिळाले नाही. त्यांच्या कन्यांपैकी इझाबेल पुढे विषाणुशास्त्रज्ञ झाल्या. मृत विषाणूंची लस देऊन माकडांचे पोलिओपासून रक्षण करता येते, हे त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले.

आता ज्या जीवामुळे मॉर्गन यांचे नाव अमर झाले त्याच्याकडे वळू. केळी अंमळ जास्त पिकली की त्यांच्याभोवती घोंघावणारी इवलीशी चिलटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. शास्त्रज्ञ त्यांच्या एका जातीला ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणतात. मराठीत हिला फळमाशी म्हणण्याचा प्रघात आहे. पण कोकणातील बागायतदार जिच्या नावाने बोटे मोडतात ती आंबा नासवणारी फळमाशी निराळी. हे चिलट जेमतेम तीन मिलिमीटर लांब. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत त्याला सुमारे दहा दिवस पुरतात, एक मादी शेकडो अंडी घालते आणि तिच्या पेशींत गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात; माणसाच्या असतात तेवीस. मनुष्याच्या दहा पिढ्या पाहायच्या तर अडीचशे वर्षे लागतील. चिलटांच्या दहा पिढ्या एका उन्हाळ्यात पाहून होतात.

मॉर्गन हे काम हाती घेताना मेंडेलचे अनुयायी नव्हते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९०० मध्ये मेंडेलचा निबंध पुन्हा उजेडात आला, तेव्हा अनेकांनी तो डोक्यावर घेतला. मॉर्गन यांनी मात्र लेख लिहून त्यावर शंका घेतल्या. आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर वसतात, ही कल्पनाही त्यांना अपुऱ्या पुराव्याची वाटे. डार्विनच्या निवडीच्या तत्त्वावरही त्यांचे आक्षेप होते. डोळ्यांनी दिसेल, मोजता येईल तेवढेच खरे, असा त्यांचा बाणा होता.

१९१० साली त्यांच्या बाटल्यांत लाल डोळ्यांच्या असंख्य चिलटांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. मॉर्गन यांनी त्याचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला. १२४० संततींपैकी १२३७ लाल डोळ्यांच्या निघाल्या. त्या भावंडांचा आपापसांत संकर केल्यावर पुढच्या पिढीत २४५९ माद्या आणि १०११ नर लाल डोळ्यांचे, तर ७८२ नर पांढऱ्या डोळ्यांचे निघाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही. लपलेला गुण आजोबांकडून नातवाकडे परतला होता, हे मेंडेलच्या नियमास धरूनच झाले. पण तो फक्त नातवांकडे परतला, नातींकडे नाही. तो पोहोचला कोणाच्या वाटेने? मुलीच्या. मुलगी स्वतः लाल डोळ्यांची राहिली आणि वडिलांचा तो गुण तिने आपल्या निम्म्या मुलग्यांच्या पदरात टाकला.

या कोड्याचा उलगडा एकाच मार्गाने होत होता. मादीत ‘एक्स’ नावाची दोन गुणसूत्रे असतात, नरात एकच. डोळ्याच्या रंगाचे जनुक या ‘एक्स’वर बसलेले असेल, तर नराला आईकडून जे मिळेल तेच त्याच्या डोळ्यांत दिसणार, झाकायला दुसरी प्रत त्याच्याकडे नाही. ज्या सिद्धान्ताबद्दल मॉर्गन साशंक होते, तो त्यांच्याच बाटलीतून सिद्ध होऊन बाहेर पडला. जुलै १९१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत आपली जुनी भूमिका पूर्णपणे सोडून दिली. विद्वानांच्या जगात असे मतांतर दुर्मिळ असते. आम्हांस या चरित्रातील हा सर्वांत उदात्त प्रसंग वाटतो.

कोलंबियातील त्यांची खोली ‘माश्यांची खोली’ म्हणून ओळखली जाई. सोळा फूट रुंद, तेवीस फूट लांब, त्यात आठ मेजे दाटीवाटीने लावलेली. दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत चिलटे, त्यांच्या खाद्यासाठी केळी, आंबूस वास आणि अधूनमधून झुरळे असा तेथला थाट. मॉर्गन यांचा स्वतःचा पोशाख अघळपघळ असे. विद्यापीठाचा पैसा खर्चायची वेळ आली की ते कवडीचुंबक होत. अडलेल्या विद्यार्थ्याला मात्र स्वतःच्या खिशातून मुकाट्याने मदत करीत.

या खोलीत तीन तरुण जमले : आल्फ्रेड स्टर्टेव्हंट, कॅल्व्हिन ब्रिजेस आणि हर्मन मुलर. स्टर्टेव्हंट यांना आनुवंशिकतेची गोडी वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळ्या लिहिताना लागली होती. ते स्वतः रंगांध असल्याने डोळ्यांच्या रंगातील बारीक फरक त्यांना टिपता येत नसत; ते काम ब्रिजेसच्या तीक्ष्ण नजरेकडे असे. पण १९११ साली, वयाच्या विशीत, मॉर्गन यांच्याशी झालेल्या एका संभाषणावरून स्टर्टेव्हंटना सुचले, की दोन जनुके जितक्या वेळा एकमेकांपासून फारकत घेतात, तितके त्यांच्यातील अंतर जास्त असले पाहिजे. महाविद्यालयाचा गृहपाठ बाजूला सारून त्यांनी एका रात्रीत जनुकांचा पहिला नकाशा मांडला. तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या अंतराच्या मापाला पुढे गुरूंचेच नाव मिळाले, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत गुणसूत्रावरील अंतर ‘सेंटिमॉर्गन’मध्ये मोजतात.

१९१५ मध्ये मॉर्गन आणि या तिघा शिष्यांनी मिळून मेंडेलीय आनुवंशिकतेच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला आणि एका नव्या शास्त्राची वीट बसली. श्रेयावरून या घरातही कुरबुर झाली. कल्पना आपली आणि नाव गुरूंचे, अशी मुलर यांची भावना अखेरपर्यंत होती. पुढे क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडवता येतो, हे १९२७ मध्ये सिद्ध करून मुलर यांनी १९४६ साली स्वतःचे नोबेल पारितोषिक मिळवले.

या शिष्यपरंपरेची एक फांदी आपल्या प्रांतापर्यंत आली आहे. मुलर एडिंबरोत असताना एस. पी. रायचौधुरी हे भारतीय संशोधक त्यांच्या हाताखाली चिलटांवर काम करून परतले आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी या शास्त्राचे मोठे केंद्र उभे केले. ज्या काशीत मनकर्णिकेचा जन्म झाला, त्याच काशीत मॉर्गन यांच्या नातशिष्याने चिलटे वाढवली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे तेथे चिलटांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास सुरू झाला. गोमंतकीय कुटुंबातील, नैरोबीत जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे शिकल्या आणि चिलटांच्या वास-चवीच्या संवेदनांवरील कामाने जगन्मान्य झाल्या. मुलखाबाहेर जन्मूनही मुलखाच्या नावाला उजाळा देणारी ही मंडळी आपल्या वाचकांना जवळची वाटतील.

१९२८ मध्ये मॉर्गन पॅसाडीनाच्या कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत जीवशास्त्राचा विभाग उभारण्यासाठी गेले. स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस त्यांच्यासोबत गेले. १९३३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मॉर्गन यांना जाहीर झाले. त्यातील रक्कम त्यांनी आपल्या मुलांत आणि स्टर्टेव्हंट व ब्रिजेस यांच्या मुलांत वाटून टाकली. पारितोषिकाचा वारसा त्यांनी केवळ रक्ताच्या वारसांपुरता ठेवला नाही, याची नोंद झाशीकरांनी अवश्य घ्यावी.

पण वैद्यकाचे पारितोषिक चिलटांच्या अभ्यासाला का, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असेल. १९३४ च्या जूनमध्ये स्टॉकहोम येथे दिलेल्या व्याख्यानात स्वतः मॉर्गन यांनीही संयमच राखला. आनुवंशिकतेच्या शास्त्राची वैद्यकाला झालेली मोठी मदत ही मुख्यतः वैचारिक आहे, असा त्यांचा सूर होता. जनुक हा पदार्थ कशाचा बनलेला आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर येण्यास १९४४ ते १९५३ हा काळ जावा लागला. मॉर्गन ४ डिसेंबर १९४५ रोजी निवर्तले. आपल्या खोलीतील चिलटांचे माणसाशी प्रत्यक्ष नाते निघेल, हे पाहायला ते राहिले नाहीत.

ते नाते कसे निघाले, हे सांगितल्याविना हे चरित्र अपुरे राहील. डीएनएतील अक्षरे वाचण्याची विद्या साधल्यावर चिलटाचे एखादे जनुक आणि माणसाचे एखादे जनुक शेजारी ठेवून ताडून पाहता येऊ लागले. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातील घटक ज्या क्रमाने येतात, तो क्रम दोहोंत पुष्कळसा सारखा निघाला, तर दोघांचा मूळपुरुष एक असला पाहिजे, असे अनुमान निघते. चिलट आणि माणूस यांचा समाईक पूर्वज सुमारे साठ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. आपल्याकडे भाऊबंद शोधताना जसे आडनाव, गोत्र आणि कुलदैवत तिन्ही ताडून पाहतात, तसाच हा प्रकार.

मात्र आडनाव जुळले म्हणजे भाऊबंदकी सिद्ध होत नाही, हे आपण जाणतोच. म्हणून शास्त्रज्ञ दुहेरी पडताळा घेतात. चिलटाच्या जनुकाला माणसातील सर्वांत जवळचे जनुक कोणते, हे पाहायचे. मग त्या मानवी जनुकाला चिलटातील सर्वांत जवळचे कोणते, हे उलट पाहायचे. दोन्ही बोटे एकमेकांकडेच वळली, तर जोडी जमली. त्यातही एक गुंता असतो. एका घरात पुढे वाटण्या होऊन चार बिऱ्हाडे झाली आणि दुसऱ्या घरात एकच राहिले, तर त्या एकाची जोडी चौघांशी लावावी लागते. दोन जाती अलग झाल्यामुळे दुरावलेली जनुके आणि एकाच जातीत दुप्पट झाल्यामुळे दुरावलेली जनुके, असा भेद वॉल्टर फिच यांनी १९७० मध्ये मांडला, तो याचसाठी. शेवटची कसोटी प्रयोगाची : ज्या चिलटात एखादे जनुक बिघडले आहे, त्यात माणसाचे जोडीदार जनुक घालून पाहायचे. ते चिलट सुधारले, तर नाते पक्के.

मॉर्गन यांच्या काळात सापडलेली काही चिलटे या कसोटीला लावली, तेव्हा काय दिसले पाहा. पंखाच्या कडेला खाच असलेल्या एका चिलटावरून एका जनुकाला ‘नॉच’ हे नाव पडले होते. मॉर्गन यांनी १९१७ मध्ये त्याची नोंद केली. १९९१ मध्ये त्याचा मानवी भाऊबंद रक्ताच्या एका कर्करोगात बिघडलेला आढळला. चिलटात हे जनुक एक, माणसात त्याची चार बिऱ्हाडे. त्यांपैकी तिसऱ्यातील दोषाने तरुण वयात पक्षाघाताचे झटके येणारा एक कौटुंबिक विकार होतो, हे १९९६ मध्ये कळले. १९१५ मध्ये मिल्ड्रेड होग यांनी डोळे खुरटलेल्या चिलटांचे वर्णन केले होते. ज्या मानवी जनुकातील दोषामुळे बालक डोळ्यातील बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याविना जन्मते, तेच त्याचे जोडीदार आहे, हे १९९४ मध्ये बाझेलच्या वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी उंदराचे हे जनुक चिलटात भलत्या ठिकाणी जागे केले, तेव्हा त्याच्या अंगावर डोळे उगवले. ते डोळे उंदराचे नव्हते, चिलटाचेच होते. हुकूम परक्या घरचा होता, घडण आपल्या घरची झाली.

आणि तो पहिला पांढऱ्या डोळ्यांचा नर? त्याच्यात बिघडलेले जनुक रंगद्रव्याचा कच्चा माल पेशीच्या पडद्यापलीकडे नेणारे प्रथिन बनवते. त्याचा मानवी भाऊबंद १९९६ मध्ये एकविसाव्या गुणसूत्रावर मिळाला. तो पेशीतील कोलेस्टेरॉल बाहेर नेण्यास मदत करतो. साठ कोटी वर्षांत बिऱ्हाड बदलले, वाहायचा माल बदलला, हमालीचा धंदा तेवढा कायम राहिला.

मार्च २००० मध्ये चिलटाची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे १३,६०० जनुके मोजली गेली. २००१ मध्ये अभ्यासकांनी मानवी रोगांशी निगडित ९२९ जनुके तपासली, त्यांपैकी ७१४ जनुकांचे नातलग चिलटात सापडले; म्हणजे चारांत तीन. सर्वच मिळतात असे नाही. आपल्या रक्तात प्रतिपिंडे बनवणारी जनुके चिलटात नाहीत, म्हणून तशा प्रश्नांना उंदराकडे जावे लागते. परंतु जेथे जोडीदार आहे, तेथे लाभ मोठा आहे. कंपवाताच्या काही कुटुंबांत बिघडलेली दोन जनुके एकाच साखळीत एकामागे एक काम करतात, हे २००६ मध्ये चिलटांनीच दाखवून दिले. शरीरातील घड्याळ चालवणारे जनुक चिलटात १९७१ मध्ये सापडले. संध्याकाळीच पेंगून पहाटे तीनला जागे होणाऱ्या एका कुटुंबात त्याचाच मानवी जोडीदार बदललेला आहे, हे २००१ मध्ये कळले आणि चिलटातील या घड्याळाच्या उलगड्याला २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कुळाचे शास्त्र हाती आले की कुळाचा माज चढायला वेळ लागत नाही. मॉर्गन यांच्या काळात अमेरिकेत सुप्रजननाची लाट उसळली होती. अमुक वंश श्रेष्ठ, तमुक हीन, म्हणून कोणाला मुले होऊ द्यावीत हे सरकारने ठरवावे, असे प्रतिष्ठित लोक म्हणत. मोठ्या कुळात जन्मलेल्या मॉर्गन यांनी या चळवळीशी असलेला आपला संबंध १९१५ च्या सुमारास तोडला. माणसाची बुद्धी आणि वर्तन यांत संस्कार व परिस्थिती यांचा वाटा किती आणि रक्ताचा किती हे वेगळे काढता येत नसताना, वंशांवर निवाडे देणे त्यांना अशास्त्रीय वाटे. १९२५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते स्पष्ट मांडले. आपल्याकडे विवाह जुळवताना ‘घराणे कसे आहे’ हे विचारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आमच्या मते या कथेतील सर्वांत उपयोगी धडा आपल्या घरांच्या अगदी जवळचा आहे. झाशी हे रेल्वेचे गाव. २००३ पर्यंत येथला विभाग मुंबईच्या मध्य रेल्वेखाली होता आणि त्या नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबांचा राबता येथे राहिला. इंजिन चालवणाऱ्याला लाल-हिरवा दिवा ओळखता आलाच पाहिजे, म्हणून नोकरीपूर्वी त्याची रंगदृष्टी तपासतात. लाल-हिरवे रंगांधत्व पुरुषांत जास्त का, हे कोडे मॉर्गन यांच्या चिलटानेच सोडवले. त्यांचे मित्र विल्सन यांनी १९११ मध्येच दाखवून दिले, की हा दोषही ‘एक्स’ गुणसूत्रावरून, आईच्या वाटेने, नातवाकडे येतो. जनुक वेगळे, पण चालण्याची वाट तीच. रक्त न गोठण्याचा विकारही याच वाटेने चालतो. ऐन तपासणीत नापास झालेल्या मुलाच्या घरी ‘हे आमच्या कुळात कधी नव्हते, सूनबाईंनी माहेराहून आणले’ असे उद्गार निघतात, तेव्हा त्या माउलीवर अन्याय होतो. तिला जे मिळाले ते तिच्याही हाती नव्हते. तिच्या दुसऱ्या मुलग्याला तो दोष आलाच असेल, असेही नाही. आणि मूल मुलगा होणार की मुलगी, हे तर पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. त्याचे बोल आईला लावणाऱ्यांना शास्त्राचा काडीचाही आधार नाही.

आपल्या समाजात कुलवृत्तान्त लिहिण्याची चांगली प्रथा आहे. दूरदेशी राहणारी कुटुंबे तर आपली मुळे हरवू नयेत म्हणून ते आवर्जून विकत घेतात. परंतु या ग्रंथांत मुलगी सासरी गेली की बहुधा तिची रेघ तेथेच थांबते, आणि आईचे माहेर एका ओळीत आटोपते. मॉर्गन यांच्या २४५९ माद्यांची नोंद अशीच गाळली असती, तर पांढरे डोळे नातवाकडे कोणत्या वाटेने आले हे कधीच कळले नसते. आपल्या मंडळाच्या कुटुंबांनी यापुढे वंशावळ लिहिताना लेकींची शाखा पुढे चालवावी, आईच्या आणि आजीच्या माहेरची नावे लिहावीत, आणि घरात कोणाला कोणता विकार कितव्या वर्षी झाला, याचीही लाज न बाळगता नोंद ठेवावी. वैद्यांपुढे बसण्याची वेळ आली, तर तो कागद पुष्कळ काम करील. तक्ता मांडायला एखादा जुना वहीचा कागद पुरतो. मॉर्गन यांचे संशोधनही काही थाटामाटात झाले नव्हते.